गडग्याजवळची पेटी

वैदेहीने बागेत पेट्या टांगल्या तेव्हा हातखंब्याच्या अलीकडच्या त्या वाडीत बातमी पसरली, की गोपाळकृष्णअण्णांच्या धाकटीने कलमांवर कॅमेरे बसवलेत. कैऱ्यांवर डोळा असणारे दोन-चार जण त्या धसक्याने बागेच्या वाटेला फिरकलेही नाहीत. पेट्यांत कॅमेरा कुठला? साबणाच्या डबीएवढी डबी, आत दोन पेन्सिल सेल, हवेतला दमटपणा मोजणारी एक चिप आणि मोजलेलं बिनतारी पुढे धाडणारा इवलासा रेडिओ. हवा कोंदली की मोहोरावर भुरीची पांढरी बुरशी धरते. ती धरायच्या आधी कळलं तर अण्णांची फवारणी वेळेवर होईल, आणि रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या वैदेहीची पीएच.डी.ही मार्गी लागेल, असा बेत होता. साल होतं दोन हजार सहा.

पेट्यांतली खरी हुशारी सेल वाचवण्यात होती. रविवारी सासरहून माहेरी आली की वैदेही चुलीशेजारी पाट घेऊन बसायची आणि घावणे खाता खाता थोरल्या बहिणीला, सगुणाताईला, ते समजावून सांगायची. पेटी बहुतेक वेळ झोपलेली असते. मध्येच जागी होते, मोजते, शेजारच्या पेटीला सांगते आणि पुन्हा झोपते. शेजारची पुढच्या पेटीला सांगते, असं करत करत निरोप घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत येतो.

"बोलायला सेल लागतो हे खरं," वैदेही म्हणाली, "पण नुसता कान देऊन बसायलाही जवळजवळ तेवढाच लागतो. म्हणून झोपवायचं."

"असं होय," ताई म्हणाली आणि अण्णांनी हाक मारली म्हणून तवा उतरवून माजघरात गेली.

त्या घराची रीतच तशी होती. अण्णांना इन्सुलिन ताईने टोचायचं. मुंबईहून अपूर्व, म्हणजे मधला भाऊ, फोन करायचा तो ताईला. अण्णांना काय सांगायचं ते ताई सांगणार, अण्णांचं उत्तर ताईच कळवणार. गडी मजुरी ताईकडे मागत, पाहुणे येण्याची वर्दी ताईला देत. वैदेही तर माहेरवाशीण. माहेरवाशिणीने जेवलेलं ताटसुद्धा उचलायचं नाही, अशी त्या घरची लाडाची पद्धत. ताईचं लग्न झालंच नाही, त्यामुळे तिला माहेरपण करायला ना कुठून यायचं होतं, ना कुणी ते करणार होतं. ही गोष्ट कुणाच्या मनात यायची नाही, कारण ताई सारखी हसतमुख असायची. हसतमुख माणसाला त्रास असतो हे घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं.

त्रास होता. पायऱ्या चढताना ताईला धाप लागायची. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची एक झडप खराब झाली आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करून घ्या, फार लांबवू नका, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. अपूर्व म्हणाला, या, मी सगळं बघतो. अण्णांचं कोण बघणार, यावर मात्र कुणी बोललं नाही. तेव्हा ताईच म्हणाली, की मोहोर होऊन जाऊ दे, मग जाईन. सगळ्यांनी माना डोलावल्या. वैदेहीनेही डोलावली, आणि तिला मनातून हायसं वाटलं. कारण पेट्यांचे सेल बदलणारं बागेत दुसरं कुणी नव्हतं.

आणि सेल बदलावे लागत होते. बाकीच्या पेट्या महिनोन्‌महिने चालत, पण घराच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून असलेल्या रायवळ आंब्यावरची पेटी पंधरवडा झाला की मान टाकायची. ती पडली की सगळ्या बागेचा आवाज बंद. मग ताई पदर खोचून, धापा टाकत गडग्यावर चढायची आणि नवे सेल घालून यायची. वैदेहीने सेलांना दोष दिला, दमट हवेला दिला, मुंग्यांनाही दिला. पेटी बदलूनही पाहिली. नवी पेटीसुद्धा तिथे तशीच पडली.

मग जानेवारीत एका रविवारी, कॉम्प्युटरवरचे आकडे बघता बघता, तिला उमगलं. तिने ताईला हाताला धरून ओढत बाहेर आणलं.

"ताई, पेटीत दोष नाहीच आहे. ती घराला सगळ्यांत जवळ आहे ना, म्हणून सगळ्यांचे निरोप तिच्यावरून येतात. स्वतःचं तिला थोडंच सांगायचं असतं, पण दुसऱ्यांचं वाहून वाहून ती संपते. तिला झोपच मिळत नाही."

ताई त्या रायवळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग तिला सुट्टी दे गो बाये."

वैदेहीने दिली. त्याच आठवड्यात. कौलांवर उंच बांबू बांधून कॉम्प्युटरची एरियल वर चढवली, म्हणजे आणखी तीन पेट्यांचा आवाज थेट घरी पोचेल, आणि चौघींनी पाळीपाळीने भार वाहावा अशी व्यवस्था लिहिली. गडग्याजवळची पेटी पहिल्यांदाच पोटभर झोपू लागली. वैदेहीला इतका आनंद झाला की तिने गाइडना फोन केला, नवऱ्याला पेढे आणायला लावले. त्या पेढ्यांतला पहिला ताईने अण्णांना अर्धा भरवला, साखर वाढेल म्हणून उरलेला स्वतः खाल्ला, आणि पुन्हा चुलीपाशी गेली.

फेब्रुवारीत, मोहोर संपून कलमांवर कणीएवढी फळं दिसू लागली तेव्हा, ताईने सकाळी अण्णांना इंजेक्शन दिलं, पडवीतल्या झोपाळ्यावर जरा टेकली आणि तिथेच गेली. मुंबईचं तिकीट त्याच आठवड्याचं होतं.

तेरावं झालं. अपूर्वला परत जायचं होतं. निघताना अंगणात उभा राहून तो म्हणाला, "पोचलो की फोन करतो," आणि कुणाला करायचा ते न कळून पिशवी उचलू लागला. आतून अण्णांनी सवयीने हाक मारली, "सगुणे, माझं इंजेक्शन झालं का गो?" तेरा दिवस वाडीतली नर्स येऊन टोचून जात होती. इन्सुलिन किती भरायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

वैदेही राहिली. दुपारी तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात स्वयंपाकाला हात लावला. तांदळाच्या डब्यात हात घातला तर बोटांना काहीतरी गार लागलं. कागदात गुंडाळलेले दोन पेन्सिल सेल. दमट हवेत खराब होऊ नयेत म्हणून ताईने ते तांदळात पुरून ठेवले होते, गडग्याजवळच्या पेटीसाठी. सुट्टी दिल्यापासून त्या पेटीला ते लागलेच नव्हते.

आपल्याला कळलं होतं, असं तिच्या मनात आलं. अंगणात उभं राहून, ताईचा हात धरून आपण तिलाच समजावून सांगितलं होतं, आणि सोडवलं ते पेटीला. ती डब्याशेजारी जमिनीवर बसली आणि तेरा दिवसांत रडली नव्हती तितकी रडली.

माजघरातून पुन्हा हाक आली. "सगुणे."

वैदेहीने डोळे पुसले, सेल परत तांदळात ठेवले आणि म्हणाली, "आले, अण्णा."