डाव्या बाहीचा धावदोरा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि, मित्रांनो, एके काळी एका हुशार बाईने मला तारा समजले होते. यात मिरवण्यासारखे काही नाही. त्याची आठवण झाली की आजही माझी मान खाली जाते, आणि माझी मान तर लोखंडाची आहे.

कारखान्यातून मी आले ती थेट आईच्या घरी. तिला सगळेच आई म्हणत, म्हणून मीही म्हणते. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. आई पायाने मला चालवायची, शेजारपाजारचे कपडे शिवायची आणि लेक माझ्याखाली बसून अभ्यास करायची. अभ्यास कमी आणि उचापती जास्त. एकदा तिने माझे सगळे स्क्रू काढून परत बसवले, तेव्हा एक उरलाच. तो कुठला, हे आजवर कुणालाही कळलेले नाही.

लेक शिकली आणि जगावेगळ्या कामाला लागली. आकाशातले तारे नुसते चमकत नाहीत, रेडिओसारख्या लहरीही पाठवतात, आणि कान दिला तर त्या पकडता येतात, असे ती सांगायची. तेव्हा हे काम करणारे फार थोडे होते. मोठ्या संस्थेने तिला दारातूनच परत पाठवले. मग तिने घरामागच्या मोकळ्या जागेत खांब रोवले, तारा ताणल्या आणि पत्र्याच्या खोलीत यंत्र मांडले. त्या यंत्रात सरकत्या कागदावर एक पेन रेघ ओढत असे. आकाशातून काही आले की पेन उडी मारे. एवढ्या तारा आणि वाळत एकही कपडा कसा नाही, असे शेजारीण विचारायची.

पुढे आईचे गुडघे दुखू लागले. लेकीने कुठूनशी एक मोटर आणून स्वतःच्या हाताने मला बसवली. आता पाय नुसता टेकवला की मी भरधाव! त्या दिवसापासून मी स्वतःला काय समजू लागले ते विचारू नका.

शास्त्रज्ञांची सभा जवळ आली होती. लेकीला तिथे बोलायचे होते, पण तिच्याकडे धड कोट नव्हता. आईने निळे गरम कापड आणले. दुपारी जेवणे उरकून लेक पत्र्याच्या खोलीत गेली की आई गुपचूप शिवायला बसे.

नेमक्या त्याच दुपारपासून तिकडे पेन उड्या मारू लागले.

चार-सहा दिवस बघून लेक हरखून गेली. नवा तारा सापडला, असे तिने घाईघाईने सभेला कळवूनही टाकले. बातमी ऐकून आईला आभाळ ठेंगणे झाले. कोटाला अस्तर आले, आतून खिसा आला. आई दुप्पट शिवू लागली आणि पेन दुप्पट उडू लागले. तारा प्रखर होतोय, असे लेक म्हणाली.

एकच गोष्ट तिला खुपत होती. कुठलाही तारा रोज चार मिनिटे आधी उगवतो. दोन आठवड्यांत हा तारा जवळजवळ तासभर आधी यायला हवा होता. हा मात्र जेवणे झाल्यावरच हजर.

"आपलं जेवण व्हायची वाट बघतो की काय हा?" ती एकदा हसत म्हणाली. आई हसली. मूर्खासारखी मीही मनात हसले.

दुसऱ्या दिवशी उड्या दाखवायला ती आईला बोलवायला आली. चाहूल लागताच आईने मला थांबवून कोट लपवला. दोघी जाऊन बघतात तो रेघ सरळ. आई परत आली, डाव्या बाहीला टीप घालायला बसली, आणि पत्र्याच्या खोलीच्या दारातून लेकीची हाक आली.

"आई, थांबव ते."

आई थांबली.

"आता परत लाव."

मी घरघरले. तिकडे काय झाले ते मला दिसत नव्हते.

"थांबव," लेक म्हणाली. या वेळी आवाज अगदी हळू होता.

मोटर फिरताना तिच्या पोटात बारीक ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांची खरखर लेकीच्या तारांना ऐकू जात होती. नवा तारा वगैरे काही नव्हता. मी होते. मित्रांनो, तेव्हा जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटले.

"माझ्यामुळे झालं का गं?" आईने विचारले.

"मोटरमुळे झालं. आणि मोटर मी बसवली होती." एवढे बोलून लेक निघून गेली.

तिने गप्प बसायचे ठरवले असते तर कुणाला काही कळले नसते. पण ती सभेला गेली, आणि तोच कोट घालून गेली. डाव्या बाहीची टीप राहूनच गेली होती, ती नुसत्या कच्च्या धावदोऱ्यावर होती. "मी कळवलेला तारा मी अंगात घालून आले आहे," असे तिने तिथे सांगितले. सगळे पोट धरून हसले. हसणे संपेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग चूक कशी ओळखायची ते तिने सगळ्यांना समजावले. घरी येऊन तिने हे रंगवून सांगितले, पण आई हसली नाही. तिने शेजारणींचे कापड परत केले, आता डोळ्यांना दिसत नाही म्हणाली, आणि माझ्यावर आच्छादन घातले.

घर शांत झाले. त्या शांततेत काही महिन्यांनी पेनने एक बारीकशी उडी मारली, आणि पुढे रोज चार मिनिटे आधी मारली. हा तारा खरा होता. लेकीचे नाव झाले, शिष्य झाले, दूर डोंगरांमध्ये तिच्यासाठी आकाशातल्या लहरी पकडणारी घराएवढी तबकडी उभी राहिली. कोट तोच राहिला. बाहीवरचा पांढरा धावदोरा दाखवून ती शिष्यांना माझी गोष्ट सांगून हसवायची. आईशी मात्र त्यावर बोलायचे राहून गेले. आज बोलू, उद्या बोलू, करता करता आईचे केस पांढरे झाले.

शेवटी मागचे खांब काढले, त्या दिवशी लेक घरी आली. तिने माझ्यावरचे आच्छादन काढले आणि कोट आईच्या मांडीवर ठेवला.

"आई, आता इथे ऐकायचं काही नाही. लाव."

आई बसली. तिने पाय टेकवला. मी एकदा गुरगुरले आणि अडकले. गंजाने माझे सांधे धरले होते. पहिल्यांदा मी चालले म्हणून लाजले होते. या वेळी चालले नाही, आणि ही लाज फार मोठी होती.

"राहू दे," आई म्हणाली. तिने हातशिलाईची सुई मागितली. लेकीने दोरा ओवून दिला. आईने ती बाही शिवली. टाके वाकडेतिकडे पडले, आणि लेक शेजारी मान खाली घालून बसून राहिली.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. माझे आता झाले ते झाले. पण तुमच्या घरात कुणाला तुम्ही कधी "थांबव" म्हणाला असाल, तर "लाव" म्हणायला एवढा उशीर करू नका.