तुमचा आवडता छंद कोणता?

"दाबा," ग्रंथपाल म्हणाले.

ऑपरेटरबाईंचं बोट अधांतरी थांबलं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकोन होते. एकात लिहिलं होतं 'आता अपडेट करा', दुसऱ्यात 'नंतर आठवण करून द्या'. गेली दोन वर्षं तो लॅपटॉप रोज हेच विचारत होता आणि बाई रोज मुकाट्याने 'नंतर' दाबत होत्या. लॅपटॉप मुलाने दिलेला. देताना त्याने बजावलं होतं, "आई, अपडेट-बिपडेटला हात लावायचा नाही. उगाच काही बिघडलं तर तुलाच त्रास."

"बिघडलं तर?" बाईंनी विचारलं.

"अपडेट करत नाहीत म्हणूनच बिघडतं. जुन्या कुलपाची किल्ली चोरांनी कधीच बनवलेली असते, बाई. अपडेट म्हणजे नवं कुलूप. फक्त ते मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यायचं. मेसेजमध्ये कुणी लिंक पाठवली आणि म्हणालं इथे दाबा, तर त्याला दारात उभं करायचं नाही."

"वॉशरसारखं आहे हो, ताई," शेजारच्या खुर्चीवरचे प्लंबर म्हणाले. वयाच्या सत्तराव्या वर्षी ते संगणक शिकायला येत होते आणि आपला पासवर्ड मोबाइलच्या पाठीवर चिकटवून गावभर मिरवत होते. "नळ गळायला लागेपर्यंत थांबायचं नसतं. आधीच बदलायचा."

बाईंनी दाबलं. पडदा निळा झाला आणि त्यावर एक गोल फिरायला लागला. मुलाचा शब्द मोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. कानशिलं गरम झाली होती, पण वाईट वाटत नव्हतं.

दर शुक्रवारी तीन ते पाच, ग्रंथालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत हा फुकट वर्ग चालायचा. एरवी बाई इथे निवांत असत. आज मात्र त्यांचं लक्ष सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होतं, कारण आज पाच वाजता त्यांची एक नोकरी हुकणार होती.

बाईंनी एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन सांभाळला. तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, कानावर हेडफोन, समोर दिव्यांची पाटी. चारशे बारा नंबर त्यांना तोंडपाठ होते. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणायचे. पगारपत्रकावरचं नाव त्यांचं त्यांनाच परकं वाटायचं. रडणारी माणसं, ओरडणारी माणसं, चुकून लागलेली माणसं, सगळ्यांशी त्या बोलल्या. खोलीचा एकच नियम होता: समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ती सवय अंगातून गेली नव्हती. मुलाचा दर रविवारचा फोनसुद्धा तो ठेवेपर्यंत त्या कानाला लावून बसत.

आणि आता त्याच इस्पितळाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक मदतवाहिनी काढली होती. आठवड्यातले तीन दिवस, दिवसा चार तास, फोनवर बोलायला माणूस हवं होतं. बाईंनी अर्ज केला, निवड झाली. तिथल्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, "मेलवर पत्र पाठवलंय. त्यातलं 'होकार' हे बटण शुक्रवारी पाचपर्यंत दाबा."

"होकार आहे माझा. आत्ताच सांगते," बाई म्हणाल्या होत्या.

"फोनवर होकार चालत नाही हो. नियम आहे."

फोनवर बोलायची नोकरी, आणि तिचा होकार फोनवर चालत नव्हता! बाईंनी कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून लॅपटॉपने अडवून ठेवलं होतं. आपण फार जुने झालो आहोत, अपडेट केल्याशिवाय मेल उघडणार नाही, असं तो म्हणत होता. मुलाला तीनदा सांगितलं. तीनदा तो म्हणाला, "बघतो."

गोल सदतीस टक्क्यांवर जाऊन रुतून बसला. प्लंबरांनी लॅपटॉपला बाजूने हळूच थोपटलं. ग्रंथपालांनी डोळे वटारले.

"चार्जर लावलेला ठेवा आणि हात लावू नका. त्याचा तो चालेल."

चार वाजून वीस मिनिटांनी लॅपटॉप बंद झाला, पुन्हा चालू झाला आणि काही न बिघडता उघडला. मेलच्या पानाने पासवर्ड मागितला. तो बाईंना पाठ होता. मुलाचं लाडाचं नाव आणि पुढे त्याचं जन्मसाल, त्यानेच ठेवलेला.

"हा पहिला बदलायचा," ग्रंथपाल मागून म्हणाले. "नाव, जन्मसाल, घर नंबर, यातलं काही पासवर्डमध्ये नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द घ्या."

पण पान अजून उघडलं नव्हतं. त्यावर नवीन ओळ आली होती. तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे. शेवटचे दोन अंक, सत्तेचाळीस.

"फोन बघा," ग्रंथपाल म्हणाले.

बाईंनी पाहिलं नाही. "सत्तेचाळीस माझा नाही. मुलाचा आहे. सगळं त्याच्याच नंबरवर आहे. मेल, वीज, डॉक्टरची वेळ, सगळंच. मला त्रास नको म्हणून."

त्यांनी मुलाला फोन लावला. सहाव्या रिंगला त्याने उचलला.

"आई, मीटिंगमध्ये आहे."

"एकच मिनिट. तुझ्या फोनवर आकडा आला असेल, सहा आकडी. तेवढा सांग."

"परत तेच? आई, मी नीट विचार केलाय यावर. लोकांची रडगाणी ऐकून तुझं बीपी वाढेल. या वयात कशाला हवंय हे सगळं?"

"म्हणजे तुझं बघून झालंय."

"अगं, तुझ्यासाठीच म्हणतोय ना."

"आकडा सांग."

"रविवारी बोलू सविस्तर."

"मुदत आज पाचची आहे."

"मग जाऊ दे ना. इतकं काय अडलंय? आराम कर जरा. ठेवतो, सगळे थांबलेत."

बाई फोन कानाला लावून राहिल्या. त्याने ठेवला, मग त्यांनी ठेवला. प्लंबर आपल्या चष्म्याची काच पुसत बसले.

बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, तोही असा की टेबलावरची पेन्सिल त्यांनी उगाचच उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

"सर, हे खातं कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग माझ्याच घरात शिरायला मी याच्याकडे किल्ली का मागतेय?"

"मागू नका," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी कोडच्या चौकोनाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. फोन जवळ नाही? दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा. "खातं काढताना एक प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर देता येतं. पण तीनच प्रयत्न मिळतात, बाई. तिन्ही चुकले तर चोवीस तास बंद."

बाईंनी दाबलं. आता त्यांना दाबायची सवय लागली होती.

प्रश्न आला: तुमचा आवडता छंद कोणता?

बाईंना हसूच आलं. हे तर सोपं होतं. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: शीळ घालणं.

ग्रंथपालांनी भुवया उंचावल्या. इस्पितळात शीळ घालायची सोय नव्हती. बाई गच्चीवर कपडे वाळत घालताना घालायच्या, ओझं घेऊन जिना चढताना घालायच्या. मुलगा तर चार वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या शिळेशिवाय झोपायचा नाही. शीळ थांबली की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचा, "अजून." त्यामुळे त्याने हेच लिहिलं असणार याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

उत्तर चुकीचं आहे. दोन प्रयत्न शिल्लक.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला.

"नुसतं 'शीळ' असेल का?" प्लंबर म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं. "त्याला आठवतच नाहीये."

"'वाचन' लिहा," ग्रंथपाल म्हणाले. "बहुतेक लोक तेच लिहितात."

वाचनही चुकलं. ते ग्रंथपालांनी जरा मनाला लावून घेतलं. घड्याळात पाचला अठरा कमी होते आणि एक प्रयत्न उरला होता.

"ताई, असं बघा," प्लंबर सावकाश म्हणाले. "गळती शोधताना मी नळ बसवणाऱ्याच्या डोक्याने विचार करतो. हे तुम्ही भरलेलं नाही. त्याने भरलंय. त्याला काय वाटतं तुमच्याबद्दल?"

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मुलाला काय वाटतं? तो दर वाढदिवसाला भेट पाठवायचा, कधी विसरला नव्हता. पहिल्या वर्षी मिक्सर, मग न चिकटणारी तीन भांडी, मग एक जाडजूड पाककृतींचं पुस्तक. गेल्या वर्षी एप्रन, त्यावर मोठ्या अक्षरांत 'जगातली सर्वोत्तम सुगरण'. स्वयंपाकाचा बाईंना चाळीस वर्षं मनापासून कंटाळा होता. घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं म्हणून त्या करत आल्या. ड्यूटीवरून येऊन पर्स न काढताच त्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या, आणि मागून अभ्यास करत बसलेल्या मुलाला त्यांची पाठ तेवढी दिसायची. एप्रनची घडी अजून मोडली नव्हती.

त्यांनी लिहिलं: स्वयंपाक.

पान उघडलं.

प्लंबरांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाने रागाने पान उलटलं. बाई हसल्या नाहीत. पत्र समोर होतं. त्यांनी 'होकार' दाबला. आभारी आहोत, सोमवारी अकरा वाजता हजर राहावे. पाचला बारा कमी.

"झालं, बाई. सुटलात," ग्रंथपाल म्हणाले.

"अजून नाही. कुलूप बदलायचंय."

मग बाईंनी दम न घेता कामाला हात घातला. पासवर्ड बदलला, चार शब्द, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि मुलाशी तर मुळीच नव्हता. सत्तेचाळीसचा नंबर काढून आपला घातला. पर्समध्ये फोन थरथरला.

"तुमचा कोड," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "कुणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही."

बाईंनी फोन तळहातात धरला. एकतीस वर्षं त्यांनी मागेल त्याला नंबर सांगितले होते. हा सहा आकडी नंबर फक्त त्यांना आला होता. त्यांनी तो ओठही न हलवता वाचला आणि घातला.

शेवटी पुन्हा तोच छंदाचा प्रश्न आला. उत्तर बदलायचं आहे का?

"खरं उत्तर नकोच," ग्रंथपाल खिडकीकडे बघतच म्हणाले. "खरं असलं की कुणालाही ओळखता येतं."

"हे कुणाला ओळखता येत नाही, सर. आत्ताच बघितलंत ना?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी खरं तेच उत्तर लिहिलं.

पाचला ग्रंथालयाची ती खोली बंद झाली. बाई बसथांब्यावर येऊन उभ्या राहतात तोच मुलाचा फोन आला. या वेळी तो मीटिंगमध्ये नव्हता.

"आई! तुझं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय! मला मेसेज आलाय, माझा नंबर काढून टाकलाय!"

"हो. मीच काढलाय."

"तू? कसा? कोड तर माझ्याकडे आहे."

"प्रश्नाचं उत्तर दिलं."

"तुला कसं माहीत मी काय लिहिलं होतं ते?"

"एप्रन पाठवलास ना तू."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. अशा शांतता बाईंना ओळखता यायच्या. एकतीस वर्षं त्यांनी त्या ऐकल्या होत्या.

"चूक होतं का ते?" मुलाने विचारलं. आवाज लहान झाला होता.

"कुलूप उघडण्यापुरतं बरोबर होतं. सोमवारपासून अकरा ते तीन मी फोनवर असेन. त्या वेळात मला फोन करू नकोस, लागणार नाही."

"आई, अगं, मी तुझ्या काळजीने..."

"काळजी कर की. मी कुठे नको म्हणतेय? किल्ली मात्र माझ्याकडे राहील."

"बरं. मग आता उत्तर काय ठेवलंयस?"

"ते सांगायचं नसतं. तुला ओळखायचं तर ओळख. तीन प्रयत्न मिळतात."

"टीव्ही?"

"गेला एक."

"बागकाम?"

"माझ्या घरात एक तरी कुंडी पाहिलीस का रे कधी? गेला दुसरा."

तो पुढे काहीतरी बोलणार होता. बाईंना त्याचा श्वास ऐकू आला.

"थांब," त्या म्हणाल्या. "शेवटचा राहू दे. आज वापरू नकोस. नीट आठवून मग सांग. तुला माहीत आहे ते."

आणि बाईंनी फोन ठेवला. समोरच्याने ठेवायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा. अंगठा क्षणभर पडद्यावर तसाच राहिला, मग त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढून घेतली.

बस अजून दिसत नव्हती. बाईंनी ओठ जुळवले. पहिली फुंकर कोरडीच गेली, दुसरीला सूर लागला. थांब्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं, तरी बस येईपर्यंत त्या शीळ घालत उभ्या होत्या.