वारसाची सही

ऑगस्टची एकतीस तारीख, चार वाजून गेलेले, आणि सांगलीच्या इन्कम टॅक्स ऑफिसच्या जिन्यात विनोदिनीबाई नुसत्या तळमळत होत्या. पुढं बाराजण, प्रत्येकाच्या बगलेत फाइल. वर्षभर झोपा काढतात मेले आणि शेवटच्या दिवशी सगळे इथंच तडमडतात! मनात असं म्हणाल्या खऱ्या, पण आज त्याही त्यातल्याच. करणार काय? नगरपालिकेनं मृत्यूचा दाखला आज सकाळी हातावर ठेवला, तोही हेलपाटे घालून घालून चपला झिजल्यावर.

त्यांचे यजमान हरीभाऊ शेटे एप्रिलात गेले. त्यांच्या हळदीच्या दुकानाचं मागच्या वर्षाचं रिटर्न आता बायकोनं भरायचं आणि शिक्क्याची पोच उद्या विश्रामबागच्या बँकेत दाखवायची. नाही दाखवली तर दुकानाचं खातं बाईंच्या नावावर होणार नाही, असं तिथल्या साहेबानं तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे दुकानाला कुलूपच की! आणि खिडकी बंद होणार पाचला.

साडेचारला कर सल्लागारांचा कारकून जोतीराम धापा टाकत फॉर्म घेऊन आला. "वहिनी, एवढी सही ठोका. लवकर!"

बाईंनी फाइल गुडघ्यावर घेतली आणि झरकन सही केली.

"अरे देवा! वहिनी, ही हरीभाऊंची सही केलीत! मेलेला माणूस सही करतो व्हय?"

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. जोतीरामानं फाइलमधला हरीभाऊंच्या सहीचा जुना कागद शेजारी धरला. हुबेहूब. त्यानं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा बाईंकडं.

"म्हणजे दरवर्षी...?"

"हळू बोला, भावजी!" बाई पुटपुटल्या. "शाळा दुसरीत सुटलेली ह्यांची. हळकुंड दाताखाली धरलं की ते कुठल्या गावचं ते सांगायचे, पण पेन धरलं की बोटं कापायची. चारचौघांत लाज वाटायची. म्हणून 'घरी नीट वाचून सही करतो' म्हणायचे आणि कागद माझ्यापुढं ठेवायचे. लग्नाच्या वर्षापासनं. आता बघत काय उभे राहिलात? दुसरा फॉर्म आणा, पळा!"

जोतीराम खालच्या दुकानाकडं पळाला. इकडं बाईंचा नंबर आला. त्यांनी मागच्याला पुढं जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्यालाही. घड्याळाचा काटा काही थांबेना आणि जोतीराम काही येईना. जीव नुसता टांगणीला लागला.

पाचाला दहा कमी असताना तो आला. जिन्यातच बसून त्यानं आकडे उतरवले, घाम गाळत. या खेपेला बाईंनी शाळेतल्या पोरीगत एकेक अक्षर काढलं. विनोदिनी हरी शेटे.

"मयताचं रिटर्न ना? वारस कोण?" खिडकीतून आवाज आला.

"मी."

धाडकन शिक्का बसला. पोच हातात आली तेव्हा पाचाला तीन मिनिटं होती.

जोतीरामाला हायसं वाटलं. खराब झालेला फॉर्म फाडायला त्यानं दोन्ही हातांत धरला.

"फाडू नका!" बाईंनी झडप घालून तो घेतला.

"अहो, कशाला ही ब्याद? कुणाच्या हातात पडली तर पंचाईत होईल."

"शेवटची सही आहे ह्यांची," बाई म्हणाल्या आणि जिन्यातच मटकन बसून हुंदके देऊ लागल्या.

जोतीरामानं त्यांच्या हातातला कागद घेऊन नीट घडी घातली आणि त्यांच्या पिशवीत ठेवली.