मागच्या बाजूचा शिक्का

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांची मोळी, मधोमध मोठं टेबल. हेच दुकान आणि हेच घर. इथे राहते दहा वर्षांची बिट्टी. तिचे बाबा फोटोंना चौकटी करून देतात. आई चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात जाते, तीही दुपारपाळीला. बिट्टी शाळेतून परतते तेव्हा आई गेलेली, आणि आई परतते तेव्हा बिट्टी गाढ झोपलेली. रविवार सोडला, तर मायलेकींची भेट म्हणजे सकाळची वेणी.

आता आईला डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळची नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

मध्ये आडवी आली ती एक जुनी अट. कारखान्याने आईला एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला पाठवलं होतं आणि अठ्ठेचाळीस हजारांची फी भरली होती. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, असं ठरलं होतं. आधी सोडली, तर उरलेल्या प्रत्येक महिन्याचे दोन हजार परत करायचे. आईच्या मते एकवीस महिने झाले होते, तीनच उरले होते. म्हणजे सहा हजार. शिलकीत नऊ हजार होते.

पण शनिवारी ती पगार विभागात विचारून आली आणि रविवारी सकाळी वेणी घालता घालता बाबांना म्हणाली, "अहो, बावीस हजार मागतायत."

"बावीस? लाज कशी वाटत नाही त्या—"

"पोर ऐकतेय."

"पोर ऐकतेय म्हणून तर थांबलो!"

"प्रमाणपत्रावर वाटप-समारंभाची तारीख आहे ना, तीच त्यांनी धरलीय. समारंभ झाला आठ महिने उशिरा. त्यांच्या हिशेबाने माझे तेराच महिने भरले."

"मग खरी तारीख कुठे आहे?" बिट्टीने मान वळवली आणि वेणी सुटली.

"मागच्या बाजूला. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा शिक्का आहे. हिशेबनीस म्हणाले, तो दाखवा, लगेच मान्य करतो. संस्थेकडून नवा दाखला आणायचा तर पंधरा दिवस लागतील."

तिघांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे ते प्रमाणपत्र चौकटीत टांगलेलं होतं. गिऱ्हाइकाच्या कागदामागे बाबा नुसता पुठ्ठा ठेवत. पण बायकोचं प्रमाणपत्र! एकही सुरकुती पडू नये म्हणून त्यांनी ते खळ लावून जाड पुठ्ठ्यावर अख्खंच्या अख्खं चिकटवलं होतं. नोकरी करून, घर सांभाळून तिने ते मिळवलं होतं. मग कौतुकही तसंच घट्ट.

"अति शहाणा," आई पुटपुटली.

"माहितीय. त्याचा बैल रिकामा." बाबांनी चौकट उतरवून टेबलावर ठेवली. "पाण्यात घातलं तर खळ सुटेल. पण ही सगळी शाईची अक्षरं. सही, तुझं नाव, काहीच राहायचं नाही."

बिट्टी टेबलाला हनुवटी टेकवून बघत होती.

"बाबा, कागद पुठ्ठ्यावरून कशाला काढायचा? पुठ्ठाच काढा ना कागदावरून. मागून. कांदा सोलतात तसा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "ही कुणावर गेलीय गं?"

"माझ्यावर. तुमच्यावर गेली असती तर चिकटून बसली असती."

बाबांनी चौकट खोलून प्रमाणपत्र मऊ कापडावर पालथं ठेवलं. चपट्या सुरीने पुठ्ठ्याचा एक कोपरा उचलला आणि एकेक थर सोलायला सुरुवात केली. बिट्टी थर मोजत होती. सातव्या थराला सुरी अडली तेव्हा आईने तोंड फिरवलं. "फाटलं तर सांगू नका."

अकरावा थर कांद्याच्या सालीइतका पातळ होता. बाबांनी त्यावर जेमतेम ओलसर फडकं टेकवलं, थांबले, आणि बोटाच्या टोकाने तो अलगद गुंडाळत नेला. खालून जांभळी कड दिसली. मग गोल. मग तारीख.

बिट्टीने कॅलेंडर काढून बोटांवर महिने मोजले. एकवीस. आईने स्वतः पुन्हा मोजले. मग फोन घेतला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कळवलं, "मी येते."

दुसऱ्या दिवशी न्यायचे कागद ती पिशवीत भरू लागली. त्यात एक जुनी पगारचिठ्ठी होती. बिट्टीने ती वाचली. "आई, इथे कर चार हजार आठशे असं का लिहिलंय?"

"कारखान्याने माझी फी भरली ना? तो पैसा माझ्या हातात आला नाही, तरी तो पगारच धरला. मग त्यावर शेकडा दहा कर माझ्या पगारातून कापला."

"पण आता सहा हजार तू परत देणार. मग ते तुझे राहिलेच नाहीत."

"नाही राहिले."

"आणि त्यांच्यावरचा कर?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मनात हिशेब केला. "सहाशे होतात."

"एकदा भरलेला कर कोण परत देतंय!" आई म्हणाली.

"तू विचारलंस?"

"नाही, विचारलं नाही," आईने कबूल केलं. "मिळेलच असं नाही हं, बिट्टी. कदाचित नियमात बसणार नाही."

बिट्टीने वही उघडली, एक पान नीट फाडलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'हिशेबनीस काका, आई सहा हजार परत देणार आहे. त्यांवर कापलेल्या सहाशे रुपये कराचं काय करायचं, हे कृपया लिहून द्यावं.' उत्तरासाठी तिने खाली चार रेघा मारल्या आणि ते पान पगारचिठ्ठीला टाचणीने टोचून आईच्या पिशवीत ठेवलं.