लाल डब्याचं कोरं झाकण

मित्रांनो, मी रक्ताचे नमुने नेणारा एक जुना लाल डबा आहे. माझं वय चौदा. एवढ्या वर्षांत बरंच काही समजलं, पण मार्चमधल्या एका शनिवारचा घोळ मी अजून विसरलेलो नाही.

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात शनिवार-रविवारी गावोगावचे दवाखाने बंद असतात. तेव्हा जुन्या इस्पितळातलं एकच केंद्र उघडं असतं. मी तिथला. प्रयोगशाळा बत्तीस मैलांवर. तातडीचं रक्त असलं की विन टॅक्सीवाला मला घेऊन निघतो. पहिल्या वर्षी मेन्ना नर्सने माझ्या झाकणावर केंद्राचा फोन नंबर जाड शाईने लिहिला, तेव्हा मला आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटलं. पुढे जंतुनाशकाने पुसता पुसता त्यातले आकडे केव्हा गेले, कळलंच नाही.

त्या दुपारी केंद्रात डॉक्टर येस्तिन यांची पाळी होती. एरवी आठवडाभर ते त्यांच्या गावच्या दवाखान्यात बसतात. त्याच गावच्या ओल्वेन रीस आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, मेंढ्या पाळणाऱ्या. तीन दिवस उलट्या होत होत्या, तरी हृदयाच्या गोळ्या नेमाने चालू. डॉक्टरांना रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची शंका आली. ते फार वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं.

"मोठ्या इस्पितळात जा, ओल्वेनबाई."

"आणि मेंढ्या कोण बघणार, तू? व्यायला आल्यात त्या. मागे मदतीला आलास नि चक्कर येऊन पडलास."

"डॉक्टर, त्या ऐकायच्या नाहीत," मेन्ना हसत म्हणाली.

"बरं, रक्त देऊन जा. पण फोन खिशात ठेवा."

डॉक्टरांनी नमुन्यासोबतचा कागद भराभर भरला, निकाल कळवायचा फोन नंबर लिहिला आणि निकालाची वाट बघत फोन जवळ ओढून बसले. मी निघालो.

रस्ता वळणावळणाचा. नळी फार हिंदकळली तर रक्तपेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. म्हणून मी तिला स्पंजात घट्ट धरून ठेवलं होतं.

प्रयोगशाळेतली हेलेद यंत्राकडे बघून म्हणाली, "सहा पूर्णांक नऊ. फारच जास्त आहे."

मी हलवलं का? तिने नळी उजेडात धरली. वरचा द्रव स्वच्छ पिवळा होता. पेशी फुटल्या असत्या तर तो गुलाबी दिसला असता. म्हणजे आकडा खरा होता. माझ्यावरचा आळ गेला, पण ओल्वेनबाईंची भीती वाटू लागली.

हेलेदने कागदावरचा नंबर फिरवला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, "दवाखाना बंद आहे. सोमवारी सकाळी साडेआठला उघडेल." पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

मला काही सुचेना. डॉक्टर तर फोनपाशीच बसले होते. मग फोन भलतीकडे का वाजतोय?

विन मला परत न्यायला थांबला होता, मोबाइलवर रग्बीचा सामना ऐकत. तो म्हणाला, "डॉक्टर आज केंद्रात आहे. हाताच्या सवयीने आपल्या गावच्या दवाखान्याचा नंबर लिहिला असणार."

"मग केंद्राचा सांग."

दोघांनी माझ्या झाकणाकडे पाहिलं. चारच आकडे उरले होते. मला लाज वाटली.

"थांब. तिथली नर्स माझी मेहुणी आहे. तिचा नंबर पाठ आहे, धाकच तसा आहे तिचा," विन म्हणाला.

हेलेदने तो नंबर लावला. मेन्नाने फोन डॉक्टरांच्या हातात दिला असावा. "मी केव्हाचा इथे फोनशेजारी बसलोय," त्यांचा आवाज आला.

"आणि मी तुम्हाला तुमच्या बंद दवाखान्यात शोधतेय," हेलेद म्हणाली.

मग तिने आकडा सांगितला.

रुग्णवाहिका पोचली तेव्हा ओल्वेनबाई कोकरू पुसत खाली बसल्या होत्या. त्यांना उठता येत नव्हतं. पण त्या वाचल्या. मे महिन्यात केंद्रात येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "माझ्या मेंढ्यांनासुद्धा आपण कुठे उभ्या आहोत ते कळतं रे." डॉक्टरांनी पेन काढून माझ्या झाकणावर केंद्राचा नंबर लिहिला आणि वर चिकटपट्टी लावली.

आता माझ्या जागी तापमान दाखवणारा नवा डबा आलाय. माझ्यावर चहाचे कप ठेवतात. त्याचं मला दुःख नाही. नवा डबा दर शनिवारी माझ्यासमोरून जातो. छान आहे, हुशार आहे, पण त्याचं झाकण अजून कोरं आहे. मला बोलता येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी पेन घ्या ना.