चौदा क्रमांकाचा ठसा

मंगळवार, २२ एप्रिल २०२५, सकाळी साडेदहा. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत एकवीस परीक्षार्थी होते. वीस प्रत्यक्ष आणि एक, माझी नात दीक्षा, क्रमांक चौदा, रोबोटद्वारे.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दुखण्यामुळे ती सक्करदऱ्यातील घरी खाटेवर होती. चाकांवर फिरणाऱ्या त्या कमरेएवढ्या रोबोटमधून तिला पाहता, ऐकता आणि बोलता येत असे. त्याला हात नव्हते. म्हणून वर्षभर दीक्षा माप सांगे आणि शेजारच्या टेबलावरची मिनल तिच्यासाठीही कानस चालवी. आजारात दीक्षाचे एक वर्ष आधीच गेले होते. या प्रात्यक्षिकात नापास झाल्यास तिचे नाव पटावरून कमी होणार होते. मी या कार्यशाळेचा निवृत्त अधीक्षक. रोबोटची देखभाल माझ्याकडे असल्याने मी हजर होतो.

“डावा कोपरा उंच आहे वं. तिकडं काहून घासून राहिली?” रोबोटमधून दीक्षा म्हणाली.

“तू खाटेवरून हुकूम सोडते. इथं माहे हात गळून राहिले.”

“माह्या वाटचे बी तूच गळव.”

अखेर दीक्षाच्या कामाचे दोन्ही लोखंडी भाग एकमेकांत असे बसले की फटीतून उजेड दिसेना.

येथील रीत अशी की, पूर्ण झालेल्या कामावर प्रत्येकाने आपला क्रमांक अंकांच्या ठशांनी स्वतःच्या हाताने ठोकायचा. ज्याचा ठसा, त्याचे गुण. ही रीत मीच घालून दिली होती आणि परीक्षक सुमंत माझाच विद्यार्थी होता. त्याने रोबोटकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“सर, चौदाचा ठसा असेल ते काम मी मोजीन. ठोकला कोणी, हे विचारणार नाही,” तो हळू आवाजात म्हणाला आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मिनलने आपल्या कामावर तेरा ठोकला. मग दीक्षाचे काम ऐरणीवर घेतले. आपलाच तेरा ठोकायची वर्षभराची सवय पक्की होती. तिने एकाचा ठसा ठोकला, दुसरा उचलला, हातोडी मारली.

तेरा.

रोबोटचा कॅमेरा खाली वळला, मग माझ्याकडे.

“आबा, कानशीनं मिटवता येते का?”

“जाडी कमी होईल, बाळा. माप जाईल.”

“तीनावर चार ठोकला तं?”

“खालचा तीन दिसतच राहील.”

“मले सुचलंच नाही वं,” मिनल रडत म्हणाली.

“चूप. फिट बरोबर बसलं ना?” दीक्षाने विचारले.

“बसलं.”

“मग?”

सुमंत परतला. त्याने दोन्ही कामे मोजली, दीक्षाचे पुन्हा एकदा मोजले. “सर, सांगा, काय करू?”

चौदाचा ठसा कोणत्याच कामावर नव्हता. परीक्षेची वेळ संपली होती. रोबोटचा संपर्क शेवटपर्यंत एकदाही तुटला नाही.

क्रमांक चौदा : पन्नासपैकी शून्य.