बिजागरी, दोनशे सात

शेवटची चिठ्ठी सुनेने बिजागरीच्या खोक्यावर दाबून बसवली आणि दुकान उघडायच्या आत पुन्हा एकदा सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली.

प्रत्येक खोक्यावर कंपनीचा तेरा आकडी नंबर. तो बिलाच्या मशीनमध्ये टाकताना सासऱ्यांची बोटं अडखळत, गिऱ्हाइकं चुळबुळत आणि नवऱ्याचा पारा चढे. "आज परत रांग लागली, तर बाबांनी उद्यापासून घरी बसायचं," त्याने सांगूनच टाकलं होतं. सासूबाई गेल्यापासून गल्ल्यावरच्या त्या स्टुलाशिवाय म्हाताऱ्याला दुसरं होतं काय? शेवटचे आकडे तेवढे ठेवावेत, तर कडी नि कोयंड्याचे आकडे सारखेच निघत. म्हणून तिने मशीनमधले जुने नंबर पुसून सगळ्या मालाला नवे तीन आकडी नंबर दिले होते.

पहिलाच सुतार बिजागऱ्या घ्यायला आला. सासऱ्यांनी खोकं सवयीने कानाशी हलवलं आणि बोटं चालू लागली. तीन आकड्यांवर काही थांबली नाहीत. मशीन टीं करून ओरडलं.

"बाबा, नवा नंबर. वरच चिकटवलाय बघा."

"हो, हो. माहितेय मला."

त्यांनी खोकं उलटसुलट केलं, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, चष्मा पुसला. मग दाराकडे बघत पुन्हा जुनेच तेरा आकडे मारले. मशीन पुन्हा ओरडलं.

त्यांना आकडे दिसतच नव्हते. ते वाचत नव्हतेच कधी. आवाजावरून माल ओळखायचा आणि नंबर आठवायचा. बोटं अडखळत ती आठवता आठवता. करायला गेले एक आणि झाले भलतेच! आंधळ्याची काठीच तिने काढून घेतली होती.

सुतारामागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. माळ्यावरून नवरा उतरू लागला. ती हातातलं फडकं टाकून गल्ल्याशी धावली.

"बिजागरी, दोनशे सात!"

सासऱ्यांची बोटं झरझर चालली. पावती निघाली.

"ओरडतेस काय अशी?" नवऱ्याने विचारलं.

"नवे नंबर आहेत. सगळ्यांना सवय नको का व्हायला?"

त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि तो मागे माल लावायला गेला.

पुढचं खोकं सासऱ्यांनी कानाशी नेलं नाही. तिच्याकडे सरकवलं.

"जरा हळू बोल, सूनबाई," ते मशीनकडेच तोंड ठेवून म्हणाले. "कान शाबूत आहेत अजून."